फर्नेस दुरुस्तीचा खर्च: थंड प्रदेशातल्या नव्या घरमालकांसाठी

बर्फ पडणाऱ्या प्रदेशात पहिल्यांदा स्वतःचं घर घेताना छप्पर, पाया, खिडक्या आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. फर्नेस, म्हणजे घर तापवणारं यंत्र, मात्र तळघरात नाहीतर एखाद्या अडगळीच्या खोलीत उभी असते. गरम हवा येतेय तोवर तिच्याकडे कुणी फिरकत नाही. मग ऐन कडाक्यात ती बंद पडते, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असतं, आणि जो पहिला फोन उचलेल त्याला बोलावून तो सांगेल ते पैसे दिले जातात. फर्नेस दुरुस्तीतले बरेचसे जादा पैसे या घाबरगुंडीतच जातात असं माझं ठाम मत आहे. बिघाड पुष्कळदा अगदी किरकोळ असतो. तो किरकोळ आहे हे ओळखता आलं, निदान योग्य प्रश्न विचारता आले, तरी बिलात मोठा फरक पडतो.

इथे मुख्यतः गॅसवर चालणाऱ्या आणि डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या रुंद नळ्यांतून, घरभर गरम हवा सोडणाऱ्या फर्नेसचा विचार केला आहे. तेलावरच्या फर्नेसचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

पायरी १: ती चालू आहे तोवरच ओळख करून घ्या

फर्नेसच्या दारामागे किंवा बाजूला एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर मॉडेल क्रमांक, सिरियल क्रमांक आणि बहुधा उत्पादनाचं वर्षही असतं. वर्ष सरळ लिहिलेलं नसलं तर पुष्कळ कंपन्यांच्या सिरियल क्रमांकातच ते दडलेलं असतं. या पट्टीचा फोटो फोनमध्ये ठेवा. तंत्रज्ञाला फोनवरच मॉडेल सांगता आलं तर लागणारा सुटा भाग तो सोबत घेऊन येऊ शकतो, आणि दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतात.

वय कळणं सगळ्यात महत्त्वाचं. नीट निगा राखलेली गॅस फर्नेस साधारण १५ ते २० वर्षं चालते. ८ वर्षांच्या फर्नेसवर मोठा खर्च करणं आणि १८ वर्षांच्या फर्नेसवर तोच खर्च करणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग धुराचा पाइप कसला आहे ते पाहा. धातूचा पाइप चिमणीत किंवा छपरातून वर जात असेल तर फर्नेस बहुधा साध्या, ८० टक्के कार्यक्षमतेच्या जातीची असते. प्लास्टिकचे पाइप भिंतीतून बाहेर जात असतील तर ती ९० टक्क्यांच्या वरची, म्हणजे कंडेन्सिंग प्रकारची. ही दुसरी जात ज्वलनाच्या वाफेतलीही उष्णता काढून घेते. त्यामुळे तिच्यातून रोज काही लिटर पाणी निघतं आणि ते वाहून न्यायला एक बारीक नळी असते. ही नळी आणि ते प्लास्टिकचे पाइप पुढे पुन्हा येणार आहेत.

वॉरंटीचे कागद आधीच्या मालकाकडून मागून घ्या. बऱ्याच कंपन्या सुट्या भागांवर ५ किंवा १० वर्षांची आणि हीट एक्स्चेंजरवर (ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणारा पत्र्याचा भाग) त्याहून पुष्कळ जास्त वर्षांची वॉरंटी देतात. मात्र पूर्ण मुदत मिळायला बसवल्यापासून ठरावीक दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि घर विकलं गेलं की काही वॉरंट्या आखडतात. आणखी एक: वॉरंटीत भाग फुकट मिळतो, मजुरी सहसा मिळत नाही.

शेवटी एकदा फर्नेससमोर उभं राहून ती सुरू होताना ऐका. ही पाच मिनिटं खरोखर मोलाची आहेत. थर्मोस्टॅटनं, म्हणजे घराचं तापमान ठरवणाऱ्या उपकरणानं, उष्णता मागितली की आधी एक छोटा पंखा घरघरू लागतो. धूर बाहेर ढकलणारा हा इंड्यूसर. मग टिक असा आवाज होतो, म्हणजे हवेचा दाब बरोबर आहे अशी खात्री झाली. दाराला छोटी काच असेल तर आत इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारा भाग, नारिंगी, मग जवळजवळ पांढरा तापलेला दिसतो. पुन्हा टिक होतं, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर भसकन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पेटत जातात. अर्ध्याएक मिनिटानं मोठा ब्लोअर सुरू होऊन घरात गरम हवा येऊ लागते. हा क्रम कानात बसला की पुढे कधी फर्नेस अडली तर ती नेमकी कोणत्या टप्प्यावर अडली हे तुम्ही फोनवर सांगू शकाल. चांगल्या तंत्रज्ञाला एवढ्यावरून निम्मं निदान होतं.

पायरी २: बंद पडली तर फोन करण्याआधी

दोन प्रसंगी मात्र काहीही तपासत बसायचं नाही. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, काडी ओढू नका, फोनही घरात लावू नका; सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला किंवा आणीबाणीच्या सेवेला कळवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तरी तसंच. या वायूला रंग नाही, वास नाही. घरातल्या अनेकांना एकदमच डोकेदुखी, मळमळ, चक्कर असा त्रास होतोय आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतंय, असं असेल तर अलार्म वाजायची वाट पाहू नका. हा अलार्म घरात नसेल तर या लेखातला सगळ्यात पहिला खर्च तोच करा: प्रत्येक मजल्यावर एक, आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ नक्की. त्यालाही आयुष्य असतं, त्याच्यावर छापलेली मुदत संपली की तो बदलायचा.

हे दोन्ही नसेल तर शांतपणे तपासा. थर्मोस्टॅट 'हीट'वर आहे का, मागितलेलं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा वर आहे का, त्याची बॅटरी उतरली आहे का? फर्नेसचा ब्रेकर पडलाय का? फर्नेसजवळच्या भिंतीवर दिव्याच्या बटणासारखं दिसणारं एक बटण असतं; तळघरात सामान हलवताना किंवा दिवा समजून ते बंद होणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. फर्नेसचं दार पक्कं बसलंय का? त्यामागे सुरक्षेचा एक स्विच असतो आणि दार जरा जरी सैल राहिलं तरी फर्नेस सुरू होत नाही.

मग फर्नेसमध्ये येणारी हवा गाळणारा फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर कारण बहुधा हातात आलंच. हवा कोंडली की आतलं तापमान मर्यादेबाहेर जातं आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. ब्लोअर फिरत राहतो, पण हवा गार येते. फिल्टर बदलल्यावर फर्नेस थोडा वेळ निवू द्या आणि पुन्हा लावून पाहा.

प्लास्टिकच्या पाइपांची फर्नेस असेल तर बाहेर जाऊन पाइपांची तोंडं पाहा. वाऱ्यानं साचलेला बर्फ, पाइपाच्या तोंडाशी लोंबणारा बर्फाचा थर, कधी एखादं घरटं. तोंड बुजलं की दाबाचा स्विच फर्नेस सुरूच होऊ देत नाही. बर्फ हातानं हलकेच दूर करा. पाइप ठोकू नका, थंडीत प्लास्टिक कडक होऊन तडकतं. पाण्याची बारीक नळी न तापवलेल्या जागेतून जात असेल तर ती गोठूनही हेच होतं. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं तर पुष्कळदा ती मोकळी होते.

दाराच्या काचेतून एक लहान दिवा लुकलुकताना दिसेल. तो किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजा आणि दाराच्या आतल्या तक्त्याशी ताडून पाहा. तोच बिघाडाचा कोड. शक्य असेल तर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. फर्नेस तीन-चारदा पेटायचा प्रयत्न करून फसली की स्वतःला कुलूप लावून घेते आणि बऱ्याचदा तासाभरानं पुन्हा प्रयत्न करते. एकदा वीज बंद-चालू करून पाहायला हरकत नाही, पण पुनःपुन्हा तेच करू नका.

तेलावरची फर्नेस असेल तर टाकीत तेल आहे का ते आधी बघा. तिच्यावरचं लाल रीसेट बटण एकदाच दाबायचं. दर वेळी दाबलं की आत न जळलेलं तेल साचत जातं, आणि पुढे ते एकदम पेटलं तर भडका उडतो. हे बटण सारखं दाबलेलं असलं तर तंत्रज्ञाला ते न लपवता सांगा.

पायरी ३: बिलात नेमकं काय असतं

रक्कम गावोगावी, देशोदेशी बदलते. बिलाची घडण मात्र साधारण सारखीच असते. पहिलं, येऊन तपासण्याचं शुल्क. दुसरं, सुटा भाग, आणि त्याच्यावर कंपनीनं चढवलेला नफा. तिसरं, मजुरी. चौथं, रात्री, सुट्टीच्या दिवशी किंवा 'आत्ताच या' म्हटल्यावर लागणारा जादा आकार. किरकोळ दुरुस्तीत भागाची किंमत हा बिलाचा सगळ्यात छोटा हिस्सा असू शकतो. एखाद्या स्वस्त भागासाठी दणदणीत बिल आलं म्हणजे फसवणूकच झाली असं नाही. गाडी घेऊन येणारा, परवाना असलेला, विमा उतरवलेला माणूस तुम्ही त्या भागासोबत विकत घेत असता.

काही कंपन्या तासावर मजुरी लावतात, काही प्रत्येक कामाचा ठरलेला दर लावतात. ठरलेल्या दरात काम लांबलं तरी रक्कम वाढत नाही, पण दहा मिनिटांच्या कामालाही पूर्ण दर पडतो. मला स्वतःला ठरलेला दर पसंत आहे, कारण काम सुरू होण्याआधी आकडा कळतो. मात्र तो आकडा लेखी घ्या.

पायरी ४: कोणता बिघाड किती महाग

सगळ्यात स्वस्त गटात फ्लेम सेन्सर येतो, आणि थंडीतल्या कितीतरी तक्रारी याच्यापाशीच येऊन थांबतात. बर्नर पेटतात, काही सेकंदांत विझतात, पुन्हा पेटतात, पुन्हा विझतात. सेन्सर म्हणजे पांढऱ्या चिनीमातीच्या बुडातून निघालेली पेन्सिलीहूनही बारीक अशी धातूची काडी. ती ज्वाळेत असते, आणि ज्वाळेतून तिच्यावाटे काही मायक्रोअँपिअर इतका सूक्ष्म प्रवाह वाहतो. तो मिळाला तरच कंट्रोल बोर्ड, म्हणजे फर्नेसचं सगळं काम चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, गॅस चालू ठेवतो. काडीवर डोळ्यांना धड दिसतही नाही असा पातळ थर बसला की प्रवाह घटतो. बोर्डाला वाटतं ज्वाळा नाहीच, आणि तो गॅस तोडतो. काडी एका स्क्रूवर बसवलेली असते. ती काढून बारीक स्टील वूलनं पुसली की काम झालं. म्हणून बर्नर पेटून लगेच विझत असतील आणि कुणी थेट कंट्रोल बोर्ड बदलायची भाषा करत असेल, तर सेन्सर साफ करून त्याचा प्रवाह मोजला का, हे आधी विचारा.

याच गटात इग्नायटर येतो. तो तापताना दिसतच नसेल तर संशय त्याच्यावर. हा झिजणाराच भाग आहे, काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि ठिसूळ असतो. कंट्रोल बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज, दाबाच्या स्विचची चिरलेली रबरी नळी, ब्लोअरचा कपॅसिटर ही सगळी मंडळीही इथलीच.

मधल्या गटात इंड्यूसरची मोटर, गॅस व्हॉल्व्ह, कंट्रोल बोर्ड आणि ब्लोअर मोटर. ब्लोअरच्या बाबतीत फर्नेसमध्ये कोणती मोटर आहे यावर खर्च खूप बदलतो. जुन्या साध्या मोटरी तुलनेनं स्वस्त आणि बाजारात सहज मिळणाऱ्या. नव्या, वेग आपणहून बदलणाऱ्या ईसीएम मोटरी वीज कमी खातात, आवाज कमी करतात, पण बदलायची वेळ आली की चांगल्याच महाग पडतात. नवी फर्नेस घेताना हे कुणी सांगत नाही.

सगळ्यात वर हीट एक्स्चेंजर. ज्वाळा याच्या आत असते, घरातली हवा बाहेरून जाते, आणि मध्ये फक्त धातूचा पत्रा. तो बदलायचा तर फर्नेस जवळजवळ सगळी खोलावी लागते. त्यामुळे भाग वॉरंटीत फुकट मिळाला तरी मजुरीच डोळे पांढरे करते.

पायरी ५: तडा गेलाय असं सांगितलं तर

हीट एक्स्चेंजरला तडा जाणं ही गंभीर गोष्ट आहे, कारण ज्वलनाचे वायू घरच्या हवेत मिसळू शकतात. पुष्कळ ठिकाणी असा तडा दिसला की तंत्रज्ञाला फर्नेस बंद करून तिच्यावर धोक्याची चिठ्ठी लावावीच लागते. त्यावर चिडू नका, आणि फर्नेस परत सुरूही करू नका. पण नवी फर्नेस विकण्यासाठीही हेच कारण बऱ्याचदा वापरलं जातं, हेही तितकंच खरं.

म्हणून पुरावा मागा. कॅमेऱ्यातून दिसणारा तडा तुम्हाला दाखवता आला पाहिजे, त्याचा फोटो मिळाला पाहिजे. वरचा गंज किंवा पत्र्याचा पडलेला रंग म्हणजे तडा नव्हे. कार्बन मोनॉक्साइड कुठे आणि किती मोजला, ते लिहून घ्या. मग फर्नेस बंद ठेवूनच दुसऱ्या कंपनीचं मत घ्या. एखादी रात्र विजेच्या हीटरवर काढावी लागली तरी हा खर्च वसूल होतो. 'आजच सही केलीत तरच हा भाव' असं जो म्हणेल त्याच्याकडून तर अजिबात घेऊ नका.

पायरी ६: दुरुस्ती की नवी?

व्यवहारात एक ठोकताळा वापरतात: फर्नेसचं बरंचसं आयुष्य उलटलेलं असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्या फर्नेसच्या निम्म्याला टेकत असेल, तर नवी घ्यावी. ठोकताळा बरा आहे, पण आंधळेपणानं लावू नये. १७ वर्षांच्या फर्नेसचा इग्नायटर गेला तर तो बदलून खुशाल आणखी एक हिवाळा काढा, आणि नव्या फर्नेसची चौकशी उन्हाळ्यात निवांत करा. ऐन जानेवारीत घेतलेल्या निर्णयापेक्षा तो निर्णय कधीही चांगला.

इंधनाची बचत हा विक्रेत्यांचा आवडता मुद्दा. हिशेब सोपा आहे. घराला १०० भाग उष्णता हवी असेल तर ८० टक्क्यांची फर्नेस १२५ भागांचं इंधन जाळते, ९५ टक्क्यांची साधारण १०५ भागांचं. म्हणजे तापवण्याच्या इंधनात सुमारे १६ टक्के बचत. तुमच्या गेल्या हिवाळ्याच्या बिलांवर हे १६ टक्के लावून बघा; लांब आणि कडक हिवाळा असलेल्या भागात आकडा भरीव येतो, सौम्य भागात किरकोळ.

पण कोटेशनमध्ये काय राहून गेलंय तेही पाहा. साधी काढून कंडेन्सिंग बसवायची तर नवे पाइप आणि पाणी जायची सोय लागते. त्याहून महत्त्वाचं असं की जुन्या फर्नेसच्याच चिमणीत तुमच्या गॅस वॉटर हीटरचा धूर जात असेल, तर फर्नेस निघून गेल्यावर ती चिमणी एकट्या हीटरला फार मोठी पडते. धूर नीट वर ओढला जात नाही, चिमणी आतून ओलसर होते. मग आत कमी व्यासाचं अस्तर घालावं लागतं, नाहीतर हीटर बदलावा लागतो. कोटेशन घेताना हा प्रश्न तुम्हीच काढा.

आकाराबाबतही असंच. जुन्या फर्नेसवरचा आकडा बघून तेवढीच सुचवणाऱ्यापेक्षा घराचं क्षेत्रफळ, खिडक्या, भिंती-छपराचं इन्सुलेशन बघून उष्णतेच्या गरजेचा हिशेब करणारा माणूस निवडा. गरजेपेक्षा मोठी फर्नेस चटकन घर तापवून बंद होते, लगेच पुन्हा सुरू होते. या सतत पेटण्या-विझण्यानं तिचेच भाग लवकर झिजतात, आणि दुरुस्तीचा खर्च आणखी वाढतो.

पायरी ७: तंत्रज्ञ येईपर्यंत घर सांभाळा

फर्नेसच्या बिलाहून कितीतरी मोठं बिल फुटलेल्या पाण्याच्या पाइपचं येतं. बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, तिथले नळ बारीक धारेनं चालू ठेवा, आणि घराचा मुख्य पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या सगळ्या मोठ्यांना माहीत असू द्या. घर १३ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागलं आणि दुरुस्ती लांबणार असं दिसलं, तर पाणी बंद करून पाइप रिकामे करण्याचा विचार करा. रात्रीचा जादा आकार देण्यासारखी परिस्थिती खरी हीच: बाहेर कडक गोठण, घर भराभर गार पडतंय, किंवा घरात तान्हं बाळ, आजारी माणूस आहे. एरवी बाहेर जेमतेम शून्य अंश असेल आणि घर उबदार असेल, तर सकाळपर्यंत थांबणं परवडतं.

विजेचा हीटर सरळ भिंतीच्या प्लगमध्ये लावा, एक्स्टेन्शन वायर नको, आणि पडदे-पांघरुणांपासून मीटरभर लांब ठेवा. घर तापवायला स्वयंपाकाचा गॅस, ओव्हन किंवा कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडनं होणारे मृत्यू अशाच रात्री होतात.

पायरी ८: दर वर्षीचा ठरलेला खर्च

थंडी सुरू व्हायच्या आधी, शरद ऋतूत, एक सर्व्हिसिंग करून घ्या. नुसतं 'बघून गेला' याला सर्व्हिसिंग म्हणत नाहीत. फ्लेम सेन्सर साफ करणं, बर्नर तपासणं, गॅसचा दाब आणि धुरातले वायू मोजणं, पाण्याची नळी मोकळी करणं, सुरक्षेचे स्विच चालतात का ते पाहणं, एवढं त्यात यायला हवं. मोजलेले आकडे कागदावर मागा. वॉरंटीचा दावा करताना दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या मागितल्या जाऊ शकतात, त्या जपून ठेवा.

फिल्टरचं काम तुमचंच. एक इंच जाडीचा फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी बदलायचा. घरात केसाळ प्राणी असेल तर महिन्यालाच. 'जास्तीत जास्त बारीक धूळ अडवणारा' म्हणून सगळ्यात दाट फिल्टर आणू नका. फर्नेसला हवा ओढताना दम लागतो आणि तो ताण ब्लोअरवर येतो. मर्व्ह (फिल्टर किती बारीक धूळ अडवतो याचं माप) ८ च्या आसपासचा बहुतेक घरांना पुरतो.

दुरुस्ती कंपनीशी वार्षिक करार करावा का, असं बरेच जण विचारतात. करारात सर्व्हिसिंग धरलेलं असेल आणि कडाक्यात करारवाल्यांकडे आधी येण्याचं लेखी आश्वासन असेल, तर तो मला रास्त वाटतो. नुसती 'भागांवर सवलत' असेल तर नाही. सही करण्याआधी वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. हीट एक्स्चेंजर आणि जुन्या फर्नेस बहुधा तिथेच सापडतात. घराचा विमाही झिजून बंद पडलेल्या फर्नेसचे पैसे सहसा देत नाही. आणि हिवाळ्यात काही आठवडे घर बंद ठेवून जाणार असाल, तर थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवायचा आणि घरावर कुणी लक्ष ठेवायचं याबद्दल विम्याच्या कागदात काय अट आहे, ते निघायच्या आधी विमा कंपनीला विचारून घ्या.